अंगठ्याची साक्ष

वसई तालुक्यातील एखाद्या जुन्या वाडीवाल्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली खरेदीखते, गहाणखते आणि वाटणीपत्रे उलगडून पाहिली, तर पानाच्या तळाशी जांभळट शाईत उमटलेला एक लंबगोल ठसा आणि त्याच्या भोवती दुसऱ्याच कोणाच्या वळणदार अक्षरांत लिहिलेले ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ हे शब्द हटकून आढळतात. ठसा एकाचा, अक्षर दुसऱ्याचे आणि खाली साक्ष तिसऱ्या-चौथ्याची, अशी त्या कागदाची रचना असते. आज त्याच घरातील नातू विरार लोकलच्या दारात एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाइलच्या काचेवर टेकवतो, आणि त्या क्षणी तेथे ना लिहिणारा असतो, ना साक्षीदार, ना वाचून दाखवावा असा कागद. मोबाइलच्या या अंगठ्याविषयी, तो कोणी चोरील काय, कोणी बळाने लावून घेईल काय, अशी जी चिंता हल्ली व्यक्त होते, ती यंत्राबरोबर जन्मास आली असा सार्वत्रिक समज आहे. मला मात्र ती या पेटीतल्या कागदांइतकी तरी जुनी वाटते.

अंगठ्याच्या आधी निशाणी होती. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत उत्पन्नाची बाबवार नोंद ठेवण्याची फिरंगी पद्धत येथे चांगली रुजली होती, आणि सिमांव बोतेल्योने १५५४ साली सिद्ध केलेल्या महसुली तोंबोत वसईचे उत्पन्न आजही वाचावयास मिळते. मराठी अमल आला, शंकराजी केशवांसारखा कर्तबगार सरसुभेदार येथे नेमला गेला, आणि देशावरील कागदांचे रिवाज मोडीबरोबर या किनाऱ्यावर उतरले. त्या रिवाजांत लिहिता न येणाऱ्या माणसाला कोणी अंगठा मागत नसे. कुणब्याच्या नावापुढे नांगर काढीत, शिपाईगड्याच्या नावापुढे कट्यार, कारागिराच्या नावापुढे त्याच्या धंद्याचे हत्यार, आणि स्त्रीच्या नावापुढे बांगडी. ‘निशाणी नांगर’ असे लिहिले की तो कुणबी त्या कागदास बांधला गेला.

आता विचार केला तर ध्यानात येईल की या निशाणीत व्यक्तीची ओळख पटविण्याची शक्ती मुळीच नव्हती. एका कुणब्याचा नांगर दुसऱ्या कुणब्याच्या नांगरासारखाच दिसणार, आणि तो बहुधा लेखकाच्याच बोरूने काढलेला असणार. तरीही महजरावरील, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या कागदावरील, ती चित्रे पिढ्यान् पिढ्या प्रमाण मानली गेली, याचे कारण असे, की कागद ज्या गोतसभेत झाला तिच्यात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारपाजारचे मिरासदार प्रत्यक्ष बसलेले असत, आणि पुढे वाद उपस्थित झाला तर अमक्याने हे कबूल केले तेव्हा आम्ही समक्ष होतो असे सांगणारी जिवंत माणसे गावात सापडत. या व्यवस्थेत अन्याय होता, जातीची उतरंड होती, दुबळ्याला गोतापुढे तोंड उघडणे सोपे नव्हते, हे सर्व मान्य केले तरी माणसाने काय कबूल केले याची आठवण तेथे माणसांजवळ राहत होती, ही गोष्ट नाकारता येत नाही.

इंग्रजी अमलात ही आठवण निरुपयोगी झाली. परगण्याबाहेरून आलेल्या मुन्सफाला गावातील कोणीच ओळखीचे नव्हते, आणि पक्षकार जेव्हा ‘ही सही माझी नव्हे’ असे शपथेवर सांगू लागले तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो केवळ हा, की हा माणूस तोच की दुसरा. या प्रश्नाचे उत्तर बंगालमध्ये सापडले. १८५८ च्या जुलैत जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार करताना राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या पंजाला शाई लावून त्याचा ठसा कागदाच्या पाठीवर उमटविला. पुढे आपली सही नाकारण्याचा विचारही त्याच्या मनात येऊ नये, एवढाच आपला हेतू होता, असे हर्शेलने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. १८७७ साली हुगळीस असताना त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांकडून आणि दस्त नोंदविणाऱ्यांकडून बोटांचे ठसे घेण्याचा परिपाठ सुरू केला. फ्रान्सिस गॉल्टनने १८९२ साली या रेषांचे शास्त्र ग्रंथरूपाने मांडले, आणि एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी हजारो ठशांतून हवा तो ठसा चटकन शोधता यावा अशी वर्गवारी बसविली. जगात ती हेन्रीच्या नावाने ओळखली जाते. ज्यांनी तिचे गणित मांडले त्या दोघांची नावे आपल्या शालेय पुस्तकांत का नसावीत, याचे मला नेहमी दुःख होते. १८९७ साली कलकत्त्यास ठशांचे जगातील पहिले दफ्तर उघडले, १८९९ साली ठसेतज्ज्ञाचे मत पुराव्यात घेण्याची तरतूद कायद्यात झाली, आणि १९०१ साली ही विद्या लंडनच्या स्कॉटलंड यार्डात पोचली.

याच सुमारास जलपायगुडी येथील चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, आणि त्याच्या पेटीतील पंचांगावर एका जुन्या नोकराच्या अंगठ्याचा डाग सापडला. १८९८ साली न्यायालयाने त्या नोकरास चोरीबद्दल शिक्षा दिली, परंतु खुनाच्या आरोपातून सोडले. कारण अंगठा त्या पेटीला लागला होता एवढेच डागावरून सिद्ध होत होते, त्या हाताने आणखी काय केले हे त्यावरून कळत नव्हते. अंगठ्याची साक्ष कोठपर्यंत जाते आणि कोठे संपते, याची मर्यादा त्या न्यायाधीशाने जितक्या काटेकोरपणे पाळली, तितकी ती पुढे फार थोड्यांनी पाळली.

ठशाला दुसरी, कडवट बाजूही होती. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून संशयित ठरविलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि मुंबई इलाख्यातील कितीतरी पारधी, कैकाडी कुटुंबांच्या कपाळी तो आला. तिकडे ट्रान्सवालमध्ये आशियाई रहिवाशांनी दहाही बोटांचे ठसे सक्तीने द्यावेत असा कायदा निघाला, तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात तो न मानण्याची शपथ घेतली गेली, आणि सत्याग्रहाच्या इतिहासाचा आरंभ तेथून झाला. पुढे तडजोड होऊन गांधीजी आपखुशीने ठसे देण्यास निघाले, तेव्हा फेब्रुवारी १९०८ मध्ये त्यांच्याच पक्षातील मीर आलमने त्यांना रस्त्यात मारहाण केली. बोटे तीच आणि शाई तीच असताना सक्तीने दिलेला ठसा आणि संमतीने दिलेला ठसा यांत गांधीजी जो भेद पाहत होते, तो कागदावर उमटत नव्हता आणि म्हणून मीर आलमला दिसत नव्हता.

वसईच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हा भेद एका साध्या रिवाजाने सांभाळला जात असे. दस्त घेऊन आलेल्या माणसाला तेथे दोन स्वतंत्र गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. तू तोच का, याचे उत्तर त्याला ओळखणारी माणसे देतात. हा दस्त तू लिहून दिलास हे तुला कबूल आहे का, याचे उत्तर त्याने स्वतः, तोंडाने, अधिकाऱ्यापुढे द्यावयाचे असते. यानंतर कारकून त्याचा डावा अंगठा आपल्या चिमटीत धरी, शाईच्या पॅडवर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच फिरवी, आणि तसाच कागदावर लोळवी. अंगठा दाबू नका, ढिला सोडा, असे तो बजावीत असे, कारण दाबला की रेषा एकमेकींत मिसळतात आणि सामुद्रिकात ज्यांना शंख आणि चक्र म्हणतात त्या आकृतींचा नुसता डाग होतो. ठसा झाला की म्हातारी माणसे अंगठा डोक्याच्या केसांना पुसत, आणि कचेरीच्या भिंतींवर कमरेइतक्या उंचीवर बाकीच्यांनी पुसलेले शेकडो अंगठे दिसत. आगाशी-निर्मळकडील वाडवळ आणि सामवेदी बागायतदार, पाचूबंदर-अर्नाळ्याचे कोळी, जूचंद्रकडील मिठागरांत राबणारे आगरी, पारोळ-भाताण्याकडून चालत आलेले वारली असे सारे त्या एका पॅडवर अंगठा टेकवून गेले आहेत.

सगळ्यांचे अंगठे मात्र सारख्या अवस्थेत टेकले नाहीत. सावकाराने कोऱ्या स्टँपावर अंगठा घेऊन ठेवावा आणि मजकूर मागाहून भरावा. खंडाची पावती म्हणून सांगावे आणि कब्जा सोडल्याचे लिहून घ्यावे. मरणासन्न म्हाताऱ्याचा हात धरून मृत्युपत्रावर अंगठा उठवावा, हे प्रकार आपल्या दिवाणी कोर्टांना नवे नाहीत. कागदाच्या शेवटी ‘सदर मजकूर मला वाचून दाखविला व तो मला मान्य आहे’ असे एक वाक्य असते, आणि ते वाक्यही त्याच लेखकाने लिहिलेले असते! अंगठा खरा, माणूस तोच, साक्षीदार हजर, आणि तरीही व्यवहार खोटा, अशी स्थिती निर्माण होऊ शकते हे ज्याने गावातील एक तरी जमिनीचा दावा जवळून पाहिला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

कुळकायद्याच्या काळात हे सरकारलाही कळून चुकले. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने कुळांना संरक्षण दिले आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्याच्या मालकीचा दिवस ठरला. तथापि मधल्या वर्षांत कुळांनी जमिनी ‘स्वखुशीने’ सोडल्याचे राजीनामे ठिकठिकाणी सादर होऊ लागले. कुळाचा राजीनामा लेखी असावा आणि मामलेदारापुढे त्याची पडताळणी व्हावी, अशी अट कायद्यात घातलेली होती. म्हणजे नुसता अंगठा पुरेसा नाही, अंगठा देणाऱ्याला समोर उभे करून तू हे समजून, कोणाच्या धाकाशिवाय देतोस का, असे सरकारी अंमलदाराने विचारले पाहिजे, ही गोष्ट विधिमंडळाने मान्य केली होती. इतके असूनही पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि जी. जे. खुदानपूर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ऐच्छिक म्हणून नोंदलेल्या राजीनाम्यांच्या ऐच्छिकपणाविषयी गंभीर शंका व्यक्त झाली. पुढे १९७४ साली आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरावर जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीचे बंधन आले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर बंधनातून जन्मलेले कर्जच नष्ट झाल्याचे जाहीर केले, मग त्याच्या कागदावर कितीही अंगठे असोत. आणि त्या कायद्याचा आधार घेऊन विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने १९८० नंतरच्या दशकात याच वसई तालुक्याच्या दहिसर गावापासून वेठबिगारांच्या मुक्ततेचे काम उभे केले. या तिन्ही कायद्यांचा मला विशेष आदर वाटतो तो यासाठी, की ओळख पटली म्हणजे संमती मिळाली असे मानण्यास त्यांनी नकार दिला.

मग शहर आले. १९९० साली सिडको या भागाची विशेष नियोजन प्राधिकरण झाली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, वाड्या विकल्या गेल्या, कुलमुखत्यारपत्रांचे गठ्ठे तयार झाले, २००९ साली महानगरपालिका आणि २०१४ साली पालघर जिल्हा झाला. या धामधुमीत एक बदल फारशी चर्चा न होता घडला. २००१ साली नोंदणी कायद्यात ३२-अ हे कलम घालण्यात आले आणि दस्त करणाऱ्या प्रत्येकाला, तो पदवीधर असो की निरक्षर, छायाचित्र आणि बोटांचे ठसे देणे सक्तीचे झाले. तोतया माणूस उभा करून दुसऱ्याची जागा विकण्याच्या फसवणुकीवर हा उपाय होता आणि तो आवश्यकही होता. परंतु त्यामुळे निबंधकांच्या कचेऱ्या लाखो अंगठ्यांची कोठारे बनल्या, आणि ज्या राज्यांनी हे दस्त जसेच्या तसे संकेतस्थळांवर ठेवले तेथे ती कोठारे उघडी पडली. २०१८ साली तेलंगणाच्या पेद्दपल्ली जिल्ह्यातील एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून दस्त उतरवून घेऊन त्यांवरील सुमारे ६,००० अंगठ्यांच्या रबरी प्रतिकृती तयार केल्या. पुढे अशाच दस्तांतून उचललेल्या ठशांनी आधारशी जोडलेल्या बँक खात्यांतून परस्पर पैसे काढल्याची प्रकरणे कर्नाटकात उघडकीस आली. जमीन सुरक्षित राहावी म्हणून दिलेला अंगठा बँकेचे खाते रिकामे करावयास उपयोगी पडला.

आधारच्या कथेचा आरंभही महाराष्ट्रातच झाला. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि काही वर्षांतच रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्र येऊन बसले. ज्या हातांनी आयुष्यभर मिठागरात फावडे चालविले, जाळी ओढली, केळीचे घड वाहिले, त्या हातांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. दुकानातील बाई अंगठा पदराला पुसते, पुन्हा टेकवते, मग दुसऱ्या हाताचा लावून पाहते, मग तर्जनी, मग मधले बोट. दुकानदार म्हणतो, ‘थंब लागत नाही.’ मागे उभ्या असलेल्या अर्ध्या रांगेला तिचे नाव, घर आणि सासरमाहेर ठाऊक असते, पण त्या ठाऊक असण्याला तेथे किंमत नसते. गोतसभेच्या निशाणीत ओळख नव्हती आणि साक्ष होती. येथे साक्षीदारांनी दुकान भरलेले असूनही ओळख अडते.

मोबाइलचा अंगठा या दीर्घ परंपरेत शेवटी आला. २०१३ च्या सप्टेंबरात अॅपलने बोटाने उघडणारा आयफोन बाजारात आणला, आणि पाठोपाठ स्वस्त फोनांतही ती सोय आली. न्याय्य बोलावयाचे तर फोनच्या घडणीत निबंधकाच्या कोठाराहून अधिक विवेक आहे. चांगल्या फोनात ठशाचे चित्र साठविले जात नाही. त्याच्या रेषांवरून काढलेला गणिती आराखडा फोनमधील एका बंदिस्त भागात राहतो आणि तेथून बाहेर जात नाही, फोन बंद करून पुन्हा सुरू केला की बोट चालत नाही, आकडाच घालावा लागतो. आणि विरारच्या गाडीत, जेथे आपण घातलेला आकडा खांद्यावरून तिघे वाचू शकतात, तेथे अंगठा हाच अधिक गुप्त ठरतो, हेही खरे आहे.

तथापि हा अंगठा आपण जेथे जातो तेथे मागे ठेवून येतो, फोनच्या काचेवर तर सर्वांत आधी. जपानमधील त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ सालीच जिलेटिनच्या बोटांनी त्या काळची यंत्रे फसवून दाखविली होती. आयफोन येऊन पुरता आठवडाही लोटला नाही तोच जर्मनीतील केऑस कम्प्युटर क्लबने काचेवरील ठशाच्या छायाचित्रावरून बनावट बोट करून तो उघडला, आणि त्याच मंडळींतील एकाने २०१४ च्या डिसेंबरात जर्मनीच्या तत्कालीन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांचा अंगठा त्यांच्या छायाचित्रांवरून सिद्ध करून दाखविला. २०१९ साली सॅमसंगच्या एका महागड्या फोनात असा दोष निघाला की काचेवर विशिष्ट आवरण चढविले म्हणजे कोणाचेही बोट चाले. कंपनीने तो दुरुस्त केला. फोनचा हा दोष एका दुरुस्तीने मिटला, परंतु अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी कचेरीतून २०१५ साली ५६ लाख माणसांच्या बोटांचे ठसे चोरीस गेले, त्यांच्यावर दुरुस्ती कोणती करणार?

कायद्याच्या दृष्टीने तर आपण अजून जुन्याच कचेरीत बसलेलो आहोत. ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ साली असा निर्णय दिला, की आरोपीकडून अंगठ्याचा ठसा घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे नव्हे. ठसा केवळ तुलनेसाठी घेतला जात होता तोवर हे सुसंगत होते. २०१० च्या सेल्वी प्रकरणात त्याच न्यायालयाने मनातील ज्ञान बळाने काढून घेण्यास मनाई केली, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. आता फोनला लावलेला अंगठा या दोहोंपैकी कोणत्या बाजूचा? तो तुलनेसाठी दिलेला ठसा आहे, की माणसाची पत्रे, छायाचित्रे, हिशेब आणि मैत्री यांचे सारे दार त्याने उघडत असल्यामुळे ती साक्षच आहे? डोक्यातील आकडा सांगावयास नकार देता येतो. धरून टेकविलेल्या बोटाला नकार देता येत नाही. याविषयी आपल्या न्यायालयांचे मत अद्याप एकसारखे स्थिरावलेले नाही, आणि २०२२ च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने तर पोलिसांनी घेतलेली मापे व ठसे ७५ वर्षे जपून ठेवण्याची मुभा दिली आहे. मला स्वतःला असे निश्चित वाटते की १९६१ चा निर्णय फोनला जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल.

कोर्टकचेरीपेक्षाही घरातील प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो. २०२५ च्या ऑक्टोबरापासून यूपीआयने पैसे देतानाही आकड्याऐवजी फोनवरील बोट चालू शकते. वसईतील कितीतरी घरांत म्हाताऱ्या आईबापांचा फोन मुलाने, सुनेने किंवा दुकानातील पोऱ्याने सुरू करून दिलेला असतो. अशा वेळी सोयीसाठी म्हणून मुलाचेही बोट त्यात नोंदलेले असते, आणि त्या फोनच्या दृष्टीने बाप आणि मुलगा हे एकच. हा मजकूर वाचून दाखविला काय, हे फोन विचारत नाही; हे कबूल आहे काय, असेही स्वतंत्रपणे विचारत नाही, कारण बोट जुळले हेच त्याचे कबुलीचे प्रमाण. निबंधकाच्या कचेरीत ज्या दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे लागत, त्यांना येथे एकच पुरते. फोनच्या सेटिंग्जमध्ये किती बोटे नोंदली आहेत हे दिसते आणि नको ते बोट काढून टाकता येते. आधारच्या अॅपमध्ये आपले ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात, आणि मग आपण उघडल्याशिवाय त्यांवर कोठेही पैसे निघत नाहीत. हे दोन्ही करावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. पण ज्यांच्या आजोबांनी कचेरीत अंगठा दिला त्या पिढीतील जी वृद्ध माणसे आज बँकेच्या रांगेत उभी असतात, त्यांना ते त्यांच्या भाषेत, समोर बसून, एकदा कोणीतरी दाखविले पाहिजे, आणि हे काम बँकांनी खाते उघडण्याच्या टेबलावरच करावे असा आग्रह आपण धरला पाहिजे.